संगणकांचे बारसे

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका शाळेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष चालू होते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला एक संकेतस्थळ करून द्यायचे ठरवले. शाळेचे नाव लांबलचक. आधी संस्थापकांचे नाव, मग 'माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालय', शेवटी गाव. एवढे सगळे इंग्रजी अक्षरांत कोण टाइप करणार? मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हांला विचारले, "काय नाव ठेवावं?" आम्ही फारसा विचार न करता सांगून टाकले : शाळेच्या नावाची आद्याक्षरे, त्यापुढे ५० हा आकडा आणि त्यापुढे डॉट कॉम. सर्वांना पसंत पडले. स्मरणिकेच्या मलपृष्ठावर, ओळखपत्रांवर, दाखल्यांवर ते छापलेही गेले.

दोन वर्षांतच मुले विचारू लागली की हे ५० कशाचे? पुढे पैसे भरणारा माजी विद्यार्थी नोकरीसाठी परदेशी गेला. नाव चालू ठेवण्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. त्याच्या सूचना त्या मुलाच्या जुन्या ई-मेल पत्त्यावर येत राहिल्या आणि तो पत्ता तर त्याने केव्हाच सोडून दिलेला. मुदत टळली. डॉट कॉमच्या बाबतीत नाव काढून टाकल्यावरही ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, त्यानंतर ५ दिवसांनी ते सर्वांना खुले होते. त्या काळात शाळेला सुट्टी होती. जूनमध्ये एका पालकांचा फोन आला, "बाई, शाळेच्या पत्त्यावर पत्त्यांचा जुगार दिसतोय."

ही चूक आमची, हे कबूल करायलाच हवे. पण ती नवी नव्हती. असे करू नका, म्हणून १९९० सालीच कोणीतरी लिहून ठेवले होते. ते कोणी लिहिले आणि का लिहिले, हे शोधता शोधता आम्ही जरा मागे गेलो, आणि संगणकांच्या नावांचा एक मोठा मनोरंजक इतिहास हाती लागला.

इंटरनेटची पूर्वज म्हणजे अमेरिकेतली अर्पानेट. १९६९ च्या अखेरीस तिच्यावर चार ठिकाणचे संगणक होते. संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात, त्यांना नावांची गरज नसते. गरज असते ती माणसांना. वर्गात हजेरी क्रमांक कितीही सोयीचा असला तरी 'सतरा, फळ्यापाशी ये' असे आपण म्हणत नाही. (काही जण म्हणतात, पण ते असो.) म्हणून जो तो आपल्याकडे कोणत्या नावाचा क्रमांक कोणता याची यादी ठेवू लागला. याद्या वेगवेगळ्या, त्यामुळे घोळ होऊ लागला. शेवटी असे ठरले की यादी एकच असावी आणि ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने ठेवावी.

तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवा संगणक जाळ्यावर आणायचा असला की यांच्या कार्यालयाला कळवायचे. कार्यालय मात्र कचेरीच्या वेळेतच उघडे. मागितलेले नाव आधीच कोणी घेतलेले नाही ना, हे पाहून ते यादीत चढवले जाई, आणि मग जाळ्यावरचा प्रत्येक संगणक ती संपूर्ण यादी पुन्हा उतरवून घेई. एक कॅटलॉग आणि त्याच्या शेकडो नकला, असा हा प्रकार.

इथे एक छोटे गणित आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना ते जरूर घालावे. समजा जाळ्यावर न एवढे संगणक आहेत. यादीची लांबी न च्या प्रमाणात, कारण प्रत्येक संगणकाची एक ओळ. नकला उतरवून घेणारेही न. म्हणजे एक नवी यादी सर्वांपर्यंत पोहोचवायला जाळ्यावरून जी वाहतूक होणार, ती न च्या वर्गाच्या प्रमाणात. संगणक दहापट झाले की वाहतूक शंभरपट. शिवाय संगणक वाढले की यादी बदलण्याची वेळही वारंवार येणार. १९८० च्या सुमारास हे ओझे पेलेनासे झाले. यादी उतरवून होते न होते तोच ती जुनी झालेली असे.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल नावाचे एक दाढीवाले गृहस्थ या सगळ्या क्रमांकांचा हिशेब ठेवत असत. त्यांनी पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याकडे हा प्रश्न सोपवला. मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आपली योजना प्रसिद्ध केली. यादी एकाच जागी ठेवूच नये, हे तिचे सार. प्रत्येकाने फक्त आपल्या हाताखालच्यांची यादी ठेवावी.

आपल्या टपालाच्या पत्त्याशी याचे फार जवळचे नाते आहे. 'मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा' हा पत्ता टपालखाते उलटे वाचते. मुंबईच्या टपाल कचेरीला त्या वाडीची माहिती असण्याचे कारण नाही, तिला सातारा माहीत असले की पुरे. सातारला तालुका माहीत असतो, तालुक्याला गाव. संगणकाच्या नावातले टिंब म्हणजे पत्त्यातला स्वल्पविराम. समजा एखाद्या नावाच्या शेवटी 'टिंब ए-सी, टिंब आय-एन' आहे. आपला संगणक आधी मुळाशी विचारतो, 'आय-एन कोणाकडे?' उत्तर मिळते, 'भारताच्या नोंदणीकडे.' तिथे विचारले की ए-सी, म्हणजे शिक्षणसंस्थांची यादी कोणाकडे ते कळते. तिथे त्या संस्थेच्या यादीचा पत्ता मिळतो, आणि शेवटी संस्थेची यादी नेमका क्रमांक देते. मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवून द्यायचे, म्हणजे दर वेळी मुळापर्यंत जावे लागत नाही. किती काळ ठेवायचे, हेही उत्तरातच लिहिलेले असते. दोन टिंबांमधला भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असावा, ही मर्यादाही तेव्हाचीच. म्हणजे आमच्या शाळेचे ते संपूर्ण नाव कदाचित बसलेही असते!

या रचनेमुळे दोन 'संजय पाटील' एकाच शाळेत, पण वेगवेगळ्या तुकड्यांत सुखाने राहू शकले. नाव अख्ख्या जगात एकमेव असण्याची गरज उरली नाही. आपल्या तुकडीत एकमेव असले की झाले.

आता तुकड्या कोणत्या करायच्या? पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये त्या ठरवल्या. कॉम म्हणजे व्यापारी, एज्यु शैक्षणिक, गव्ह सरकारी, मिल लष्करी, ऑर्ग इतर संस्था. यांच्या जोडीला प्रत्येक देशासाठी दोन अक्षरे. देश कोणाला म्हणावे, हा मोठा नाजूक प्रश्न. पोस्टेल यांनी तो अंगाला लावून घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची दोन अक्षरी संकेतांची यादी तयारच होती, ती त्यांनी उचलली. तिच्यात ज्याचे नाव आहे तो आपल्यापुरता देश, कोण देश आहे हे ठरवणे हा आमचा धंदा नव्हे, असे त्यांनी पुढे १९९४ साली स्वच्छ लिहून ठेवले. आम्हांला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

तरी गमती झाल्याच. ब्रिटनचा त्या यादीतला संकेत जी-बी. पण तिथल्या विद्यापीठांनी आधीपासून यू-के वापरायला सुरुवात केली होती, ते तसेच राहिले. शिवाय ब्रिटिश विद्यापीठे पत्ता उलटा लिहीत, म्हणजे आधी देश आणि शेवटी विभाग. संगणकशास्त्र विभागाचा संकेत सी-एस हा शेवटी येई. आणि सी-एस हीच चेकोस्लोव्हाकियाची अक्षरे! तो देश जाळ्यावर आला तेव्हा ब्रिटनमधल्या विभागाची पत्रे थेट प्रागच्या वाटेला लागण्याची पंचाईत उभी राहिली. पुढे ब्रिटिशांनी आपली पद्धत बदलली. १९९३ साली चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि ती अक्षरेही मोडीत निघाली. युगोस्लाव्हियाचे वाय-यू तर देश गेल्यावरही रेंगाळले होते, ते २०१० मध्ये बंद झाले.

भारताचे आय-एन १९८९ साली नोंदले गेले, आणि ही नोंदणी होती आपल्या मुंबईत. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे ते काम होते. नियम कडक होते. कंपनीला 'को डॉट इन'खाली, शिक्षणसंस्थेला 'एसी डॉट इन'खाली, अशी ठरलेल्या रकान्यातच जागा मिळे, आणि तीही कागदपत्रे दाखवून. याचा परिणाम असा की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. जानेवारी २००५ पासून नियम सैल झाले, कोणालाही थेट आय-एनखाली नाव घेता येऊ लागले, आणि २०१० पर्यंत आकडा सहा लाखांच्या वर गेला.

डॉट कॉमचा आरंभ याहून शांत होता. पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने घेतले. त्या संपूर्ण वर्षात डॉट कॉमखाली अवघी सहा नावे नोंदली गेली! नावे फुकट होती तरी ती कोणाला नको होती.

आता त्या १९९० सालच्या लिखाणाकडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले डॉन लिब्स यांनी संगणकाला नाव कसे द्यावे, यावर एक टिपण लिहिले. ऑगस्ट १९९० मध्ये ते इंटरनेटच्या अधिकृत कागदपत्रांत दाखल झाले. टिपण काहीसे खेळकर आहे, पण त्यातला प्रत्येक सल्ला कोणाच्या तरी फजितीतून आलेला. एका ठिकाणी एका यंत्राला 'अप' असे नाव दिले होते. 'अप डाउन आहे का?' यासारख्या संवादांनी सर्वांचे डोके उठले. म्हणून रोजच्या वापरातला शब्द नको. स्वतःचे नाव नको, कारण यंत्र पुढे दुसऱ्याच्या टेबलावर जाते. लांब नाव नको, चमत्कारिक वर्णलेखन नको. आणि ज्या कामासाठी यंत्र घेतले त्या कामाचे नाव तर नकोच. एका कारखान्यातल्या यंत्राला 'शॉप' म्हटले होते. पुढे त्याच कामाला दुसरे यंत्र आले, मग आणखी पाच आली, आणि मूळ 'शॉप' भलत्याच कामाला लागले. काम बदलते, नाव चिकटून बसते. आमचे ५० म्हणजे हेच 'शॉप'.

लिब्स यांचा सल्ला यंत्रांपुरता होता. १९९३ नंतर वेब सामान्य लोकांपर्यंत पोहोचले आणि नावांना बाजार आला. १९९४ साली जोशुआ क्विटनर या पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स कंपनीचे नाव डॉट कॉमसह स्वतःच नोंदवून टाकले. कोणीही त्याला अडवले नाही. या नावाचे मोल तुम्हांला कळत कसे नाही, असे तो कंपनीलाच विचारत होता. अखेर कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका सरकारी शाळेला संगणकांसाठी ३,५०० डॉलर दिले आणि त्याने नाव सोडले. नावांच्या बाजारातला हा बहुधा सर्वांत सज्जन सौदा. सप्टेंबर १९९५ पासून फुकट नोंदणी संपली, दोन वर्षांना १०० डॉलर पडू लागले. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकले गेले आणि १९९९ मध्ये ७५ लाखांना.

भांडणे आपल्याकडेही पोहोचली. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावातले 'ई' बदलून तिथे 'ए' घातलेले नाव दुसऱ्या कोणी घेतले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. इंटरनेटवरचे नाव म्हणजे निव्वळ पत्ता नव्हे, दुकानाच्या पाटीइतकेच त्याला संरक्षण हवे, असा त्या निकालाचा रोख होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 'सिफी' नावाच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. पोस्टेल मात्र १९९४ पासून सांगत होते की नावांवरच्या हक्काची आणि मालकीची भाषा गैर आहे, बोलायचे तर जबाबदारीविषयी आणि सेवेविषयी बोला. ते ऑक्टोबर १९९८ मध्ये वारले. त्याच सुमारास हा सारा कारभार आयकॅन नावाच्या नव्या संस्थेकडे गेला.

मग नाव निवडताना लोक काय पाहत? सुरुवातीला वर्णानुक्रम. १९९४-९५ च्या सुमारास संकेतस्थळे शोधायची ती याहूसारख्या सूचींतून, आणि सूची अकारविल्हे लावलेली. टेलिफोन डिरेक्टरीत वर यावे म्हणून दुकानाच्या नावाआधी चार 'ए' लावणारे व्यापारी आपण पाहिलेच आहेत. जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुकानाला आधी 'कॅडाब्रा' असे नाव दिले होते. वकिलाला फोनवर ते 'कॅडॅव्हर', म्हणजे प्रेत, असे ऐकू आले! मग शब्दकोश चाळून त्यांनी ए पासून सुरू होणारे, जगातल्या प्रचंड नदीचे नाव उचलले : अमेझॉन. 'फोनवर ऐकू येईल तसे' ही कसोटी आम्हांला अजूनही सर्वांत उपयोगी वाटते.

पुढे शोधयंत्रे आली. स्टॅनफर्डमधल्या दोघा विद्यार्थ्यांना आपल्या शोधयंत्रासाठी प्रचंड संख्येचे नाव हवे होते. एकावर शंभर शून्ये म्हणजे गूगोल. हा शब्द अमेरिकन गणिती एडवर्ड कास्नर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याने सुचवलेला. नाव मोकळे आहे का ते पाहताना मित्राने वर्णलेखन चुकवले, आणि चुकलेलेच नाव लॅरी पेज यांना आवडले, अशी हकीकत सांगतात. १५ सप्टेंबर १९९७ रोजी 'गूगल डॉट कॉम' नोंदले गेले. शुद्धलेखनाची एक चूक इतकी फळाला आल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. वर्गात मात्र हे जरा जपून सांगावे.

शोधयंत्रे सुरुवातीला नावातल्या शब्दांना बरेच वजन देत. मग 'स्वस्त-विमान-तिकिटे' किंवा 'उत्तम-शिकवणी-वर्ग' अशा धर्तीची जोडशब्दी नावे हजारोंनी घेतली गेली. आत काही नसले तरी पाटी शोधाच्या शब्दांशी तंतोतंत जुळे. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने आपली गणिते बदलून अशा पोकळ स्थळांना खाली ढकलले. आज नावात शब्द आहे म्हणून स्थळ वर येत नाही. आतला मजकूर, आणि इतरांनी त्याचा दिलेला हवाला, हे मोजले जाते. शेवटची दोन अक्षरे मात्र अजून उपयोगी पडतात. आय-एन असले की हे स्थळ भारतातल्या वाचकांसाठी आहे, असे शोधयंत्र धरते. टी-व्ही हा तुवालू या चिमुकल्या बेटांच्या देशाचा संकेत, पण तो साऱ्या जगाने दूरचित्रवाणीसाठी घेतला म्हणून शोधयंत्र त्याला देशाचा मानत नाही. या दोन अक्षरांच्या उत्पन्नातून २००० साली तुवालूला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य होणे परवडले. अँग्विला या कॅरिबियन बेटाच्या वाट्याला ए-आय आले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत २०२३ साली त्याला सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले. १९८० च्या दशकात यादी उचलताना हे कोणाच्या स्वप्नातही नसणार.

आपली अडचण निराळी आहे. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत कसे लिहायचे? 'ज्ञान' शब्द घ्या. मराठी माणूस डी-एन-वाय ने सुरू करील, हिंदी भाषक जी-वाय ने, संस्कृतचा अभ्यासक जे-एन ने. ळ आणि ण यांची तर सोयच नाही. ज्याला तुमच्याकडे यायचे आहे तो तीनांपैकी कोणत्या दारावर थाप मारील, हे सांगता येत नाही. एखाद्या वर्गाला 'ज्ञानज्योत' इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगावे आणि किती तऱ्हा निघतात ते फळ्यावर मांडावे. तासाभराचा छान प्रयोग होतो.

मग देवनागरीतच नाव घेतले तर? २००३ मध्ये त्याची युक्ती निघाली. मूळ यंत्रणेला इंग्रजी अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच कळते. म्हणून इतर लिप्यांतली नावे एका ठरलेल्या रीतीने त्या अक्षरांत गुंफतात. 'भारत' हा शब्द आतून एक्स-एन, दोन जोडरेघा, एच-२-बी-आर-जे-९-सी असा प्रवास करतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' देवनागरीत सुरू झाले, आणि मराठी व कोकणीसह आठ भाषांना ते खुले झाले.

पण मराठीची खोच इथेही निघाली. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको. एक गुरुजनांना, दुसरे स्वयंपाक्यांना! तसेच दर्या आणि दऱ्या. हा आडवा अर्धा र संगणकावर उमटवण्याच्या एका जुन्या रीतीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तीन घटक लागत. २००३ च्या नियमांनुसार नावातली अदृश्य चिन्हे गाळली जात. म्हणजे 'दऱ्या' लिहिले की ते निमूटपणे 'दर्या' होई. 'ऱ' हे खाली टिंब असलेले वेगळे अक्षर वापरून हलन्त दिला तर ही अडचण येत नाही. पडद्यावर दोन्ही रीतींनी लिहिलेले शब्द सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात.

त्या शाळेने अखेर 'इडीयू डॉट इन'खाली नाव घेतले. शिक्षणसंस्थांसाठी राखलेल्या या नावांची नोंदणी अर्नेट ही सरकारी संस्था करते. तिने शाळेच्या मान्यतेची कागदपत्रे मागितली, लेटरहेडवर पत्र मागितले, आणि बाईंना दोनदा सही करावी लागली. नोंदणीत ई-मेल पत्ता शाळेच्या कार्यालयाचा दिला, आणि नूतनीकरणाची तारीख आता फीच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली असते. नावात गाव आहे, आकडा नाही. ते पक्के करण्याआधी बाईंनी सातवीच्या एका मुलाला फोनवरून ऐकवून कागदावर लिहायला लावले. पहिल्या दोन नावांना तो चुकला, तिसरे त्याने बरोबर लिहिले, तेच घेतले.

जुन्या दाखल्यांवर मात्र ते ५० वाले नाव अजून आहे, आणि ते दाखले परत मागवता येत नाहीत.